पाटलाचा राब आधी

काल सकाळी लोणावळ्यात तुंगार्लीच्या वरच्या अंगाला धूर दिसला. आधी एक बारीक पांढरी रेघ, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि दहा वाजेतो डोंगराची सगळी कड पुसून गेली. शेजारच्या बंगल्यात मुंबईहून हवा खायला आलेली मंडळी उतरली आहेत. त्यांच्या बाईंनी माळ्याला हाक मारून विचारलं, "वणवा लागला का रे?" माळी म्हणाला, "न्हाई बाईसाहेब, राब भाजत्यात." बाईंना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. मी माझी खिडकी उघडीच ठेवली. धुरानं खोकला येतो, डोळे चुरचुरतात, डॉक्टर रागावतात. पण वर्षातले हे चार-आठ दिवस मी खिडकी लावत नाही. निवृत्त कारकुनाला दुसरी शिक्षा करायला कोण येणार? तेव्हा आपली आपणच करून घेतो.

ज्यांनी भात फक्त ताटात पाहिला आहे, त्यांना राब म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मावळात भाताचं बी नुसत्या जमिनीत टाकून भागत नाही. जिथं रोप तयार करायचं तो खाचराचा तुकडा आधी भाजून घ्यावा लागतो. खाली शेण, त्यावर ऐनाच्या, किंजळीच्या पानांसकट तोडून वाळवलेल्या फांद्या, म्हणजे टाहाळ. त्यावर पातेरा, म्हणजे पालापाचोळा, त्यावर गवत, आणि वर मातीची पातळ चादर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत नाही, दिवसभर दबून धुमसत राहते. तण मरतं, किडे मरतात, जमीन काळीभोर आणि भुसभुशीत होते. त्या राखेत पडलेलं बी असं उगवतं की बघत राहावं. राब भाजला नाही तर भाताआधी तणच वर येतं, आणि भाताची काडी त्यात पिवळी, पोरकी दिसते. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर आवणी, म्हणजे रोपांची लावणी, नाही, आणि आवणी नाही तर वर्षभर चुलीवर काय ठेवायचं ते देवाला विचारायचं.

चैत्र संपता संपता आमच्या गावात सगळ्यांच्या अंगाला एकच वास यायचा. आमचं गाव औंढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत. त्याच्याही वर ठाकरवाडी. बायका टाहाळाचे भारे घेऊन उतरायच्या तेव्हा दुरून नुसते भारेच चालत येताना दिसायचे, माणूस दिसायचा नाही. करवंदांनी जिभा जांभळ्या, पायांना काजळी, केसांत ऐनाचा चुरा. दुपारी खडक इतके तापायचे की अनवाणी माणूस एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत जायचा. त्या दिवसांत मला सुट्टी मिळाली की मी धावत घरी यायचो. तालुक्याच्या गावी एका कचेरीत मी तेव्हा नुकताच चिकटलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाचं टेबल माझ्याकडं होतं. धोतर शुभ्र, टोपी ताठ, आणि खिशाला शाईचा डाग. आई म्हणायची, "साहेब झालास, पर राबाच्या वासाबगार तुला करमत न्हाई."

आमच्या गावात राबाचा एक मान होता. पहिला विस्तव पाटलाच्या राबाला. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आपला राब पेटवायचे. तो नीट धुमसायला लागला की एकेक घरचा माणूस खापरी घेऊन यायचा, पाटलाच्या राबातला निखारा खापरीत उचलायचा आणि फुंकर घालत आपल्या खाचराकडं न्यायचा. सगळ्यांत शेवटी ठाकरवाडी, कारण त्यांना चढ चढून जायचं असे. हा मान कुणी लिहून ठेवला नव्हता, पण पाटलाच्या आधी कुणी राब पेटवला असं आजोबांच्या आजोबांनीही ऐकलेलं नव्हतं. पाटलाआधी पेटवलं तर गावाचं पीक जळतं, असं म्हणायचे. मला शिकल्यावर हे हास्यास्पद वाटायला लागलं होतं. माणसं सरकारच्या हुकमाला बांधलेली असतात तशीच असल्या न लिहिलेल्या हुकमांनाही बांधलेली असतात, आणि दोन्ही दोऱ्या एकाच वेळी ताणल्या गेल्या की मान मधल्या माणसाची आवळते, हे मला त्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ते साल तिसाच्या आसपासचं. तिकडं समुद्रकाठी माणसं मीठ उचलून तुरुंगात जात होती, कुठं कुठं विळे घेऊन राखीव जंगलात शिरत होती. आमच्याकडं फाल्गुनात हुकूम आला: राखीव जंगलातल्या झाडाची फांदी तोडायची नाही, आणि तोडलेली असेल तर भाजायची नाही. आबा पोलीसपाटील, म्हणजे गावातलं सरकार. त्यांनीच दवंडी पिटवली. गंमत अशी की टाहाळ माघातच तोडून झाले होते. झाडांच्या बेचक्यांत वाळत पडले होते. हुकूम आला तेव्हा तोडायला काही उरलंच नव्हतं, होतं ते फक्त पेटवायचं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तो हुकूम अगदीच मूर्खपणाचा नव्हता. वरचा डोंगर आमच्या डोळ्यांदेखत विरळ होत चालला होता. ऐनाची झाडं दरसाल छाटून छाटून नुसते खुंट उभे होते. जंगलाचा रखवालदारही राक्षस नव्हता; आमच्याच ओसरीवर बसून ताक प्यायचा. अन्याय नेहमी मिशा पिळत येतो असं थोडंच आहे? तो ताक पीत पीतही येतो. डोंगर वाचवायचा हे खरं, आणि त्या डोंगराखालच्या माणसांनी पावसाळ्यानंतर काय खायचं याचा हुकमात एक शब्द नव्हता, हेही खरं.

लोणावळ्याहून एक खादीवाला तरुण देवळापुढं भाषण द्यायला आला होता. अन्यायी कायदा मोडणं हाच धर्म, असं तो घसा ताणून सांगत होता. ठाकरवाडीचा धाकू पुढंच उकिडवा बसला होता. तिशीचा, काटक, हातात सदा कोयता. उजव्या अंगठ्यावर कोयत्याचाच जुना वार होता, आडवा, पांढरा. भाषण संपल्यावर तो म्हणाला, "म्हंजी आजपातुर आमी जे पोटासाटी करत हुतो, ते यंदा देशासाटी करायचं? करू की. आमाला काय, टाहाळ त्येच." सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते त्या तरुणाला म्हणाले, "तुमचं खरं आसंल. पर तुमी सांच्या गाडीनं जानार. मोडल्यावर हितं ऱ्हायचंय आमाला."

पण आबांच्या मनात काहूर उठलं होतं. इकडं आड, तिकडं विहीर. वीस वर्षं त्यांनी सरकारचं मीठ खाल्लं होतं. दुपारभर ते खाचराच्या बांधावर बसायचे आणि मातीचं ढेकूळ हातात चुरत राहायचे. समोर त्यांचा स्वतःचा राब रचून तयार. गावातल्या प्रत्येक खाचरात राब रचून तयार. कुणी पेटवत नव्हतं. सगळे पाटलाकडं बघत होते. धाकू एकदा येऊन म्हणाला, "पाटील, तुमी निस्ता इस्तू लावा. तुरुंगात आमी जातो. आमच्यातली दोगं जातो, तिगं जातो, किती पायजेल ते सांगा."

आबा म्हणाले, "पेटवीन मी आन् जाशील तू? ह्ये कुटलं पाटीलपन?"

त्यांनी शेवटी ठरवलं ते त्यांच्या स्वभावाला धरून. मला बांधावर समोर बसवलं आणि म्हणाले, "अर्ज लिही." मी लिहिला. टाहाळ हुकमाआधी तोडले आहेत. भाजल्यावाचून गावाला गत्यंतर नाही. आखितीपर्यंत परवानगी मिळावी. इथवर ठीक होतं. मग आबा म्हणाले, "आता म्होरं लिही. परवानगी न मिळाल्यास आखितीच्या दिशी मी पाटील ह्या नात्यानं माजा राब पहिल्यांदा पेटवीन, आन् त्येची जबाबदारी माजी."

माझा टाक थांबला. "आबा, हे लिहू नये."

"का?"

"हे... हे बंड होतंय."

"मग? चोरून पेटवू?" ते माझ्याकडं बघत म्हणाले. "सरकार बापावानी आस्तं म्हनत्यात. आसंल. पर बाप चुकला तर त्येच्या पाठीमागं वाकुल्या दावायच्या न्हाईत. त्येच्या म्होरं हुबं ऱ्हायचं आन् म्हनायचं, ह्ये मी ऐकनार न्हाई. मग त्यानं मारलं तर मार खायचा."

बंड करण्याचा अधिकार माणसाला आहे का, कधी आहे, किती आहे, यावर मी पुढं पुष्कळ व्याख्यानं ऐकली. पुण्याच्या वक्त्यांची ऐकली, दोन्ही बाजूंची ऐकली. पण त्या बांधावर बसून, पंचा खांद्यावर टाकून, मातीनं भरलेल्या हातांनी माझ्या बापानं जे तीन वाक्यांत सांगितलं त्याच्यापुढं कुणी गेलेलं मला आढळलं नाही. मी ते लिहून घेतलं. खाली आबांची मोडीतली सही, आणि तिच्याखाली गावाचे अंगठे. धाकूचा अंगठा सगळ्यांत शेवटी. त्याच्या वारामुळं ठशाच्या मधून एक पांढरी रेघ गेली होती. तो कौतुकानं म्हणाला, "ह्यो बगा, माजा वळखू येतो."

तो अर्ज मी खिशात घालून कचेरीत आलो. आता जे सांगायचं आहे ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

अर्ज पुढं गेलाच नाही.

माझ्याच टेबलावरून तो पुढं जायचा होता. मी तो हातात धरला आणि डोळ्यांपुढं आबांच्या हातातल्या बेड्या आल्या. ते दिवसच तसे होते. एवढ्या-तेवढ्यावरून माणसं आत जात होती, आणि इथं तर सरकारच्याच पाटलानं सहीनिशी सांगितलं होतं की मी हुकूम मोडणार. आबांची पाटीलकी गेली असती. आणि, हेही सांगतो, माझी नोकरीही गेली असती. अक्षर माझंच होतं. यातलं कुठलं भय मोठं होतं ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. आज विचारतो तेव्हा उत्तर आवडत नाही. मी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला, त्यावर कोरे कागद ठेवले आणि खणाला कुलूप लावलं.

आखितीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरलो आणि जवळजवळ पळतच गाव गाठलं. आमच्या राबाभोवती सगळं गाव जमलं होतं. प्रत्येकाच्या हातात रिकामी खापरी. धाकू होता, त्याची बायको चांगुणा होती, तिच्या कडेवर तीन-चार महिन्यांची पोर. आबांनी अंगात पांढरी बाराबंदी घातली होती. जेलात जायचं तर नीटनेटकं जावं म्हणून, असं आईनं मागून सांगितलं. हातात निखारा. ते माझीच वाट बघत होते.

मी म्हणालो, "आबा, थांबा. अर्ज वर गेलाय. साहेब अनुकूल आहेत. आठ दिवसांत हुकूम येतो."

आबांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी जसा सुटला ते मी विसरू शकत नाही. मोडायचं नव्हतंच त्यांना. कुणालाच नसतं. ज्याला हौसेनं बंड करायचं असतं तो बंडाच्या लायकीचा नसतो, असं मला पुढं वाटायला लागलं. त्यांनी निखारा जमिनीवर ठेवला, पायानं माती लोटली आणि गावाला म्हणाले, "थांबूया. सायेब मानूस बरा दिसतोय."

लोक हसत, बोलत पांगले. धाकू मात्र उभा राहिला. त्यानं विचारलं, "आठ दिस?"

"आठ."

"आबाळाला इचारलंया का?"

मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत काहीतरी होईल. हुकूम सैल होईल. किंवा माणसं कंटाळून आपापले राब पेटवतील, मग आबांच्या एकट्याच्या माथी काही राहणार नाही. गावाच्या गर्दीत माझा बाप लपेल, एवढंच माझं गणित. पाटलाआधी कुणी पेटवणार नाही ही गोष्ट माझ्या हिशेबातून निसटली. लहानपणापासून ज्या मानाला मी हसत आलो तो इतका पक्का असेल असं मला वाटलंच नव्हतं. आठ दिवस कुणी काडी ओढली नाही. पाटलानं थांबा म्हटलं होतं ना! मी निरोप धाडला, आणखी चार दिवस. तेही थांबले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तर सगळ्यांना पाठच होतं.

त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी वळीव आला. एरवी वळीव येतो, अर्धा तास नाचतो आणि जातो. हा तीन दिवस राहिला. पूर्वेकडून काळं आभाळ चढून आलं, बोराएवढ्या गारा पडल्या, मग नुसता पाऊस. कचेरीच्या पत्र्यावर तो बडवत होता आणि मी माझ्या टेबलाशी बसून खणाच्या कुलपाकडं बघत होतो.

गावी पोचलो तेव्हा दुपार होती, पाऊस जरा उघडला होता. राबाची माती वाहून गेली होती. शेण, पातेरा, टाहाळ, सगळ्याचा लगदा. आणि त्या लगद्यापाशी आबा गुडघ्यावर बसले होते. घरातून विस्तव आणला होता, सुक्या काटक्या आणल्या होत्या. बाराबंदी चिखलानं माखलेली. ते ओणवे होऊन फुंकत होते. थोडा धूर यायचा, पिवळा, कडू. मग तोही जायचा. परत फुंकायचे. साऱ्या गावानं भोवती उभं राहून ते बघितलं. बैल गेला आणि झोपा केला, असं कुणीही म्हणालं असतं, पण कुणी म्हणालं नाही. हुकूम आला नव्हता, परवानगी नव्हती, आणि पाटील दिवसाढवळ्या सगळ्यांदेखत कायदा मोडायला बसला होता. कायदा मोडत नव्हता. ओल्या टाहाळाला आग धरत नव्हती.

मी म्हणालो, "आबा, उठा."

ते उठले नाहीत. धाकूनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. रखवालदार दुसऱ्या दिवशी फिरत आला. त्यानं लगदा बघितला आणि समाधानानं म्हणाला, "भाजलं न्हाई ना? मग काय गुन्हा न्हाई."

त्या पावसाळ्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. रोप आलं ते वीतभर, पिवळं. मुठीत धरलं तर निम्मं तणच हातात यायचं. निम्मी खाचरं आवणीवाचून रिकामी राहिली. त्यांत पाणी साठलं, आभाळ दिसायचं, दुरून फार सुंदर दिसायचं. आमच्या घरी जुन्या भाताची कणगी होती, आम्हाला काही झालं नाही. ज्याच्यापाशी काही साठलेलं असतं त्याला हुकूम पाळणं परवडतं. ठाकरवाडीत भादव्यातच कंद उकरायला सुरुवात झाली.

त्याच दिवसांत तालुक्याला बोलावून आबांना शेलापागोटं मिळालं. आसपास एवढी अशांतता असताना गाव शांत राखल्याबद्दल. सरकारी ताटात ठेवलेलं ते लाल काठाचं पागोटं आबांनी घेतलं, मुजरा केला, आणि घरी येऊन खुंटीला टांगलं. डोक्याला कधी बांधलं नाही. दसऱ्यानंतर ठाकरवाडी घाटात खडी फोडायला निघाली. धाकू निरोप घ्यायला आला, मागं चांगुणा, पाठीशी पोर. आबांनी खुंटीवरचं पागोटं काढलं आणि चांगुणाला दिलं. "पोरीच्या झोळीला व्हईल," म्हणाले. पाटलाचं पागोटं घेऊ की नको असं तिला झालं. मग तिनं ते घेतलं.

पुढच्या चैत्रात धाकू माझ्या कचेरीत आला. आधी ओळखलाच नाही मी, इतका वाळला होता. दाराबाहेर पायताण काढून, हात जोडून उभा. काखेत घडी केलेलं लाल काठाचं कापड.

"भाऊ, ह्ये पाटलांचं हाय. परत द्या त्यास्नी. आता झोळी लागत न्हाई."

मी ते कापड हातात घेतलं. मग विचारलं, "कधी?"

"पुसाच्या म्हैन्यात. हगवन लागली. दूध न्हवतं तिला." मग तो जरा पुढं झाला आणि हळूच, कुणाला अवघड वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "भाऊ, एक इचारू? त्यो हुकूम आला का वो मागनं?"

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, "नाही."

त्यानं मान डोलावली. "मग बरं झालं पाटील थांबले. हुकूमच न्हाई म्हंजी गुन्हाच झाला आस्ता."

तो मला धीर देत होता! ज्याचं सगळं गेलं तो माझी समजूत घालून, पायताण हातात घेऊन, उन्हात निघून गेला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, कोयता उगारला असता, तर मी जगलो असतो. त्याच्या त्या समजूतदारपणानं मी मेलो.

त्या वर्षी आखितीला आमच्या राबाशी कुणी आलं नाही. आबा बाराबंदी घालून वाट बघत होते. थोड्या वेळानं खालच्या खाचरातून धूर उठला, मग वरून, मग चारी बाजूंनी. खापऱ्या नाहीत, मान नाही; ज्यानं त्यानं आपली काडी ओढली होती. हुकूम तोच होता. रखवालदारानं दोघांना धरून नेलं, महिनाभर आत बसून ते आले, आणि गावात भात पिकलं. एवढंच व्हायचं होतं. एवढ्यासाठी मी बापाला वाचवलं होतं.

आबा मला म्हणाले, "मान गेला त्येचं काय न्हाई. लोकास्नी वाट बघाया लावली, त्येचं हाय." आणि मग, पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या दुखण्यात, छताकडं बघत विचारलं, "तो आपला अर्ज, सायबानं वाचला आसंल का रं?"

मी म्हणालो, "वाचला असेल."

"वाचला आन् गप ऱ्हायला," आबा म्हणाले. "लय वंगाळ."

सरकारवर लोकांनी पुष्कळ खरे आरोप केले. हा एक खोटा मी केला. बापाच्या म्होरं उभं राहून 'हे मी केलं' एवढं म्हणायचं धैर्य मला झालं नाही, आणि त्यांनी शिकवलं होतं ते नेमकं तेवढंच.

झेंडा बदलला तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात साखर वाटली. मला पुढच्या बाकावर बसवलं होतं, जुना सरकारी माणूस म्हणून. व्यासपीठावर जो तो आपण कधी काय मोडलं ते सांगत होता. मी टाळ्या वाजवल्या. मनात एकच घोळत होतं. जो हुकूम मोडतो त्याला सगळे विचारतात, तुला अधिकार काय? तोही रात्रंदिवस स्वतःला विचारतो. आबांनी दोन महिने हाच प्रश्न स्वतःला विचारला. पण जो थांबतो, जो दुसऱ्यांना थांबवतो, त्याला कुणी कधी विचारलं का, की बाबा रे, तुला थांबण्याचा अधिकार काय? थांबण्यानंही माणसं मरतात. फक्त त्यांचा पंचनामा होत नाही. बंड केव्हा योग्य याचा निवाडा शहाण्यांनी खुशाल करावा. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या गावाचा निवाडा झालेला होता, सहीनिशी, अंगठ्यांनिशी, आणि तो मी कुलपात ठेवला.

नोकरी सोडताना खण रिकामा केला तेव्हा अर्ज घरी आणला. तेव्हापासून तो ट्रंकेत होता. काल धूर बघितला आणि आज सकाळी तो खिशात घालून निघालो. वय झालं, ठाकरवाडीचा चढ आता झेपत नाही, तीनदा बसलो. धाकू आपल्या राबाशी होता. केस पांढरे, कंबर वाकलेली. वर मातीची चादर घालून झाली होती, पेटवायचंच बाकी. खोपटाच्या दारात चांगुणा काहीतरी निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत सुपात बघितलं.

"भाऊ? हितं कुटं आलाय उन्हाचं?"

मी काही प्रस्तावना केली नाही. करायची म्हटली असती तर परत फिरलो असतो. कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचला, पहिल्यापासून, आबांच्या त्या शेवटच्या वाक्यापर्यंत. धाकू ऐकत होता. वाचून झाल्यावर मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला अक्षर येत नाही. पण त्याची नजर कागदावरून खाली खाली उतरत गेली आणि शेवटच्या ठशावर थांबली. मधून गेलेली पांढरी रेघ. त्यानं आपला उजवा अंगठा त्याच्याशेजारी धरून बघितला.

"ह्यो माजा."

"हो."

"मग ह्यो हितं कसा? सायबाकडं गेलता न्हवं?"

"नाही गेला, धाकू. मीच पाठवला नाही. खणात ठेवला होता."

चांगुणाच्या हातातलं सूप थांबलं. खालच्या खाचरांतला धूर आमच्यापर्यंत येत होता. धाकू कागदाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"मग त्या साली," तो म्हणाला, "आमी वाट बगत हुतो, ती कुनाची?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. कागद माझ्या हातात परत दिला, राबाच्या कडेला जाऊन उकिडवा बसला आणि काडी ओढली.